मासोळी काठाचं लुगडं

बुरोंडी,
ता. १० डिसेंबर १९३४

ती. यमुनामावशीस,

शेवंतीचा नमस्कार, अगदी वाकून. तुझी भाची जिवंत आहे आणि तिचं लग्न ठरलंय. दोन्ही बातम्या एकदम दिल्या, म्हणजे इतके महिने पत्र नाही म्हणून आलेला राग अर्ध्यावर येईल.

मुलगा दाभोळचा. मुंबईला गोदीत कामाला आहे. लग्न वैशाखात. बाबा दिवाळीला घरी आले, ठरवून मोकळे झाले आणि पुन्हा गलबत घेऊन मंगळुराकडे कौलं भरायला गेले. मला मुलगा पसंत आहे का हे कुणी विचारलं नाही. पण पसंत आहे, तेव्हा त्यावरून भांडण नाही.

भांडण आहे ते रुखवतावरून. मुली रुखवतात काय मांडतात ते तुला ठाऊक आहे. मण्यांचा पोपट, लोकरीचा ससा, काचेतलं 'सुस्वागतम्'. मी यातलं काही करणार नाही. मी माझी आई मांडणार आहे.

कशी ते सांगते. गेल्या वर्षी शाळेतल्या बाईंना मी कापडाचं बंदर करून दिलं होतं. खाली बाबांच्या गलबताच्या जुन्या शिडाचा तुकडा, त्यावर फाटक्या लुगड्यांची कातरलेली ठिगळं, गिरणीच्या नव्या ताग्यावर रंगीत चित्रांची तिकिटं चिकटवलेली असतात ती, शिंपले, कवड्या, बिनजोडीची बटणं. शीड जाड, म्हणून सुई नाही, दाभण लागतं. लोक हात लावून लावून बघत होते. तशीच आई करायची. आजीच्या पेटीत सापडलेला एकच फोटो माझ्याजवळ आहे: आजी उभी आणि शेजारी खुर्चीवर आई. त्यातला चेहरा कापून घेणार आणि बाकीची आई कापडाची. पण कापड तिचंच पाहिजे.

इथेच अडलंय. मानमोडीच्या साथीत ती गेली तेव्हा मी अंगावर पीत होते. सवाष्ण गेली म्हणून तिची लुगडी सवाष्णींना वाटली, घरात धागा उरला नाही. तुझ्याकडे काही असेल तर पाठव. मुख्य म्हणजे फोटोत नेसलीय ते लुगडं. त्याच्या काठावर मासोळ्या विणलेल्या आहेत. हातभर मिळालं तरी चालेल.

माईला हे अजून सांगितलेलं नाही. बाबांशी लग्न करून ती या घरात आली त्याला पंधरा वर्षं झाली, पण माझ्या आईचं नाव निघालं की अजून गळ्यातला सवतीचा टाक मुठीत धरते. त्या चांदीच्या पत्र्यावर म्हणे माझी आई आहे. मी जवळून पाहिलाय. सोनाराने कुणीतरी बाई ठोकून ठेवलीय, तिला ना नाक ना डोळे. मला नाकडोळे असलेली आई हवी आहे, मांडवात, सगळ्यांसमोर. कुणी नको म्हणालं तरी मी करणारच.

तुझी
शेवंती


गुहागर,
ता. २२ डिसेंबर १९३४

चि. शेवंतीस,

आशीर्वाद, आणि एक धपाटा. लग्न ठरल्याचं कळवायला तुला महिना लागला. तुझे काका म्हणाले, बारशाला तरी वेळेवर कळवील ना?

टपालाने पुडकं पाठवलं आहे. त्यात अक्काची हिरव्या खणाची चोळी आहे आणि कोनफळी रंगाचं अर्धं लुगडं. अर्धंच, कारण उरलेल्या अर्ध्याची मी गोधडी शिवली आणि ती अंगाखाली घालून मी झोपते. ती मागायची नाही.

तुझं ते चित्र डोळ्यांसमोर येत नाही, पण तुझी आई अशीच होती. एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. कर तू. शेजारणी नावं ठेवतील, त्यांना तोंडं आहेत ती त्या वापरणारच.

एक मात्र मला कळेना. मासोळी काठाचं लुगडं अक्काकडे कधीच नव्हतं. ते माझं आहे. तुझ्या काकांनी लग्नानंतर शहापुराहून आणलेलं. मी ते कुणाला हात लावू दिलं नाही, बहिणीलासुद्धा नाही. अक्काचा फोटो आहे हेच मुळी मला नवीन. कधी काढला, कुणी काढला? तुला मासोळ्या दिसतात त्या पाखरं असतील, नाहीतर शेंगा. नीट बघून कळव आणि तोवर कात्री लावू नकोस.

लग्नाला ये म्हणून आग्रह करशील, म्हणून आधीच सांगते. त्या घराचा उंबरा मी चढणार नाही. अक्काला वर्ष व्हायच्या आत तुझ्या बापाने बाशिंग बांधलं, आणि पोरगी मला द्या म्हटलं तर दिली नाही. तू एवढीशी होतीस, माझा चेहरासुद्धा आठवत नसेल तुला. आता आठवायलाही नको, पुढचे दोन दात गेले आणि अंग सुटलं. ती बाई तुला जाच करत असेल तर मात्र कळव.

तुझी मावशी


बुरोंडी,
ता. ६ जानेवारी १९३५

ती. मावशीस,

नमस्कार. पुडकं मिळालं आणि त्याचं वाटोळं झालं.

मी ते ओटीवर सोडलं. माई आतून आली, हिरवी चोळी बघितली आणि विचारलं कुणाची. मी सांगितलं. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी लुगडं शिडाखाली सरकवेपर्यंत तिने चुलीतल्या लाकडाने चोळी उचलली, हात न लावता, आणि चालत गेली ती थेट पुळणीवर. मी मागून धावले, तोवर तिने चोळी समुद्रात टाकली होती. पाण्यात कमरेपर्यंत शिरले. ओहोटी होती, चोळी गेली. परत आले तर ती दारात बसलेली. म्हणते, "मेल्या मानसाचा कपडा घरात नको. रुकवतात तर मुळीच नको." मी म्हटलं, मेलं माणूस माझी आई आहे. त्यानंतर आम्ही बोलत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते, मारत वगैरे नाही ती. पण हल्ली मुद्दाम वागल्यासारखी वागते. घरात सुकी मासळी भाजू देत नाही, वास येतो म्हणे. तांडेलाच्या घरात वास येतो! सकाळी उठत नाही, सगळं मीच करायचं. आणि दिवसभर कोकमं चोखत बसते. माझ्या लग्नाचं तिला काही नाही.

आता फोटोचं. शाळेतून भिंग आणून पाहिलं. मासोळ्याच आहेत, पाखरं नाहीत. एकीच्या तोंडाशी दुसरीची शेपटी. आई खुर्चीवर ताठ बसली आहे, मांडीवर कागदाच्या फुलांचा गुच्छ. नाकात नथ. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि वेली. उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली आहे. ती चिंधी मला फार आवडते. आई ठेचाळली असणार. कधी काढला ते माहीत नाही. आजी फोटो पेटीत ठेवायची, तिच्यानंतर मी घेतला आणि कुणाला दाखवला नाही. बाबा आईविषयी बोलत नाहीत आणि माईसमोर विचारता येत नाही. असेल, तू एखादे दिवशी लुगडं दिलं असशील आणि विसरली असशील.

येत्या रविवारी मी कात्री लावणार. पाण्यात भिजवला की फोटो पुठ्ठ्यावरून सुटतो. मग खळीने पातळ कापडावर चिकटवायचा आणि कडेने काठाची पट्टी मारायची, म्हणजे दाभण कागदातून जात नाही. हे मी जुन्या तिकिटांवर करून बघितलंय. तू थांब म्हणालीस, पण मावशी, आता मी थांबणार नाही. चोळी गेली तशी उद्या फोटोही जाईल.

तुझी
शेवंती


गुहागर,
ता. १२ जानेवारी १९३५

चि. शेवंती,

आधी कात्री खाली ठेव. मग वाच.

ती चिंधी माझ्या अंगठ्याची आहे. फोटोतली बाई मी आहे गो.

तू पोटात होतीस. दापोलीचा फोटोवाला गावोगाव हिंडत बुरोंडीला आला आणि तुमच्या अंगणात त्याने पडदा बांधला. मी तुझ्या आईकडे चार दिवस राहायला आले होते. तुझा बाप समुद्रावर. अक्काला फोटोची कोण हौस! सकाळपासून नटत होती. खुर्चीवर जाऊन बसलीसुद्धा. फोटोवाल्याने डोकं काळ्या कापडात घातलं आणि तेवढ्यात शेजारची म्हातारी ओरडली, "अगो, ती पोटुशी हाय! पोटुशीचा फोटू काढत्यात काय? पोराचं तेज जातंय त्या पेटीत." झालं. तुझी आजी म्हणाली, ऊठ. अक्काने माझ्याकडे पाहिलं, पोटावरून हात फिरवला आणि उठली. फोटोवाल्याचा खोळंबा नको म्हणून तुझ्या आजीशेजारी मला बसवलं. मी नवी नवरी, अंगावर मासोळी काठाचं लुगडं. खोटं कशाला सांगू, बसायला मला बरं वाटलं. तो फोटो मी कधी पाहिला नाही, म्हणून चिंधीचं वाचेपर्यंत आठवलाही नाही. तो पेटीत गेला आणि तू त्यालाच आई म्हणत आलीस, हे मला आज कळतंय.

अक्काचा फोटो नाही, शेवंती. तिचा एकही फोटो कधी निघाला नाही. उगाच खोटी आशा कशाला दाखवू.

एक आठवतं. त्या दिवशी वारा फार होता. पडद्याची दोरी सुटली आणि तो शिडासारखा फडफडायला लागला. तेव्हा अक्का म्हणाली, मी धरते. पडद्याच्या बाजूला उभी राहून ती धरून राहिली, फोटो निघेपर्यंत. वाऱ्याने तिचाच पदर तिच्या तोंडावर येत होता आणि ती हसत होती. फोटोच्या कडेला बघ. काही आलं असेल तर असेल, नसेल तर नाही.

आणि खुळे, सकाळी उठवत नाही, मासळीचा वास नको, कोकमं चोखते. तिला दिवस गेलेत! दोनदा राहून टिकलं नाही तिचं, हे गुहागरपर्यंत ऐकू आलं होतं. लोकांनी तिला काय सांगितलं असेल ते तूच समज.

तुझी मावशी


बुरोंडी,
ता. २७ जानेवारी १९३५

ती. मावशीस,

तुझं पत्र आलं तेव्हा रविवार होऊन गेला होता. मी तुझं मुंडकं कापलं. हसू नकोस.

पत्र दोनदा वाचलं. इतकी वर्षं ज्या चेहऱ्याला नमस्कार केला तो कापून हातात घेतलेला, आणि तो गुहागरला दात पडून बसलेल्या माझ्या मावशीचा. मग उठून फोटोचा उरलेला भाग शोधला. चौकटीत घालताना फोटोची डावी कड मीच तिच्याखाली दडपली होती, कारण चौकट लहान होती. ती कड उजेडात धरली.

मावशी, बोटं आहेत. चार बोटं, पडद्याची कड घट्ट धरलेली, आणि मनगटाजवळ बांगडीचा अर्धा गोल. मला लहानपणापासून त्या पडद्याच्या चुण्या वाटायच्या.

आणि मग आजी आठवली. तिचे डोळे गेले होते. फोटो मांडीवर घेऊन ती बोटाने कड चाचपायची आणि तिथे बोट टेकवून म्हणायची, ही तुझी आयस. मला वाटायचं आजीला दिसत नाही. मी तिचं बोट उचलून खुर्चीवरच्या चेहऱ्यावर ठेवायची! दर वेळी. आणि तिचं बोट पुन्हा कडेला जायचं. मी वेड्यासारखी रडले.

माई बाहेरून आली. आम्ही तीन आठवडे बोलत नव्हतो, पण तिने विचारलं काय झालं, आणि मी सगळं सांगितलं. ती लांबूनच म्हणाली, दाखव. मी कड पुढे केली. तिने किती तरी वेळ बघितलं. मग स्वतःचा हात तिच्या बाजूला धरला. "हिची पन नखं माज्यासारखी झिजल्यात," म्हणाली. "मला वाटायचं मोठ्ठे डोळे असतील. रोज सपनात डोळेच यायचे." मी विचारलं, माई, तुला दिवस गेलेत? ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. मला चोळीचा राग होता, तो कुठे ठेवू ते कळेना. मी तिला कोकमाचं पाणी करून दिलं.

आता ती म्हणते, माझंही तुझ्या मावशीला लिही. ती बोलेल तसं लिहिते:

"बाय यमुना, मी हौसा. तू मला कंदी बघितलं नाय नि मी तुला. चोळी टाकली ती रागानं नाय गो, भ्यायले मी. दोन येळा माजं राहिलं नि गेलं. सगळी म्हनाली, पयली नांदू देत नाय. मंग टाक घातला गळ्यात. तू तिची भन हायस, तुला खरं ठावक. कशी व्हती ती? तापट व्हती? माज्या पोटावर तिचा डोळा हाय काय, येवढं मला सांग. जसं असंल तसं सांग, माज्यासाठी गोड करून लिवू नको."

एवढं सांगून ती विहिरीवर गेली. उत्तर लवकर पाठव.

तुझी
शेवंती


गुहागर,
ता. १० फेब्रुवारी १९३५

चि. शेवंतीस,

आशीर्वाद. जिवंतपणी मला मयत केलीस आणि वर मुंडकंही उडवलंस. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. तुझे काका म्हणाले, मग माझी सुटका नाही.

हे पुढचं हौसाला वाचून दाखव. एकदा नाही, दोनदा.

हौसा, आमची अक्का तापट होती. भात करपला तर पातेलं अंगणात जायचं. माझ्या झिंज्या तिने किती वेळा ओढल्या त्याची गणती नाही. तू गोड करू नको म्हणालीस म्हणून हेही लिहिलं. पण ऐक. जन्मात एकदा फोटोसाठी नटूनथटून खुर्चीवर बसली होती, आणि पोटातल्या पोराला बाधेल एवढं कानावर पडताच ती उठली. ज्या बाईने स्वतःच्या पोटातल्या जिवासाठी आपला चेहरा सोडला, ती दुसरीच्या पोटातल्या जिवावर डोळा ठेवील? साप साप म्हणून लोक भुई धोपटतात, आणि ती भुई तू झालीस. टाक घालायचा तर घाल, तुझं मन. पण भिऊन घालू नकोस, मोठी बहीण म्हणून घाल.

मीही तुला न बघता पंधरा वर्षं शिव्या घातल्या. त्या परत घेते.

शेवंती, आता तुझं. चेहरा नाही म्हणून चित्र सोडणार आहेस का? सोडलंस तर भाची म्हणणार नाही. त्या दिवशी अक्का कोनफळी लुगडं नेसली होती, जे तू शिडाखाली लपवलंस तेच. सोबत मासोळी काठ हातभर पाठवत आहे. आतल्या पदराचा कापला, नेसल्यावर दिसणार नाही. कापताना मात्र जीव गेला.

तुझी मावशी


बुरोंडी,
ता. २४ मार्च १९३५

ती. मावशीस,

नमस्कार. सोडणार कुठली? चित्र होत आलंय.

सगळा फोटो कापडावर चढवला आणि भोवती तुझा मासोळी काठ मारला. तुझं मुंडकं जागेवर बसवलं, पण मानेवर काप दिसतो, म्हणून तुझ्या गळ्यात बारीक शिंपल्यांची माळ घातली. शोभते तुला. डाव्या कडेला जिथे बोटं आहेत तिथून फोटो संपतो आणि शीड सुरू होतं. तिथे बोटांना जोडून मी मनगट केलं, हात केला, खांदा केला, आणि पडदा धरून उभी असलेली सबंध आई केली, कोनफळी लुगड्यातली. पदर वाऱ्याने तोंडावर आलेला, तू लिहिलंस तसा. पोट पुढे आलेलं. त्यात कापूस भरला. तीच मी. माझ्यावर मी गिरणीच्या तिकिटावरचं एक कमळ लावलंय, थोडी मिजास करून.

वारा दाखवायचा कसा ते सुचत नव्हतं. माईने सुचवलं. शिडाचे उलटे टाके घाल, म्हणाली, कापड आपोआप फुगतं. आणि आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणून दिला. "येक ठिगळ माजं लाव. कुठं पन, खाली लाव." मी ते आईच्या पायाखालची जमीन म्हणून लावलं.

आता ऐक. घरात लग्न असलं की गेलेल्या सवाष्णीच्या नावाने आधी एक सवाष्ण जेवू घालतात. माई म्हणते, त्या पाटावर यमुनाच बसली पाहिजे, दुसरी कुणी नको. मीही म्हणते. तू आली नाहीस तर मी चित्र टांगणार नाही आणि पाटही मांडू देणार नाही. मी कुणाची मुलगी आहे ते तूच लिहिलं होतंस.

तुझी
शेवंती


गुहागर,
ता. ५ एप्रिल १९३५

चि. शेवंतीस,

उंबरा चढणार नाही म्हटलं होतं, आणि शब्द म्हणजे शब्द. पण मांडव अंगणात असतो आणि पाट मांडवात मांडता येतो. अंगणाला उंबरा नसतो. धोपाव्याच्या तरीतून येते. गुडघे दुखतात, दाभोळला गाडी पाठव.

तुझी मावशी


दाभोळ,
ता. २ जून १९३५

ती. मावशीस,

नमस्कार. सासर बरं आहे. सासूबाईंनी चित्र माजघरात लावून घेतलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझं मुंडकं कसं कापलं ते सांगतात. तू गुहागरहून दाभोळला आलीस तर लोक तुला ओळखतील.

उंबऱ्याचं कुणाला सांगितलं नाही. पाटावरून उठलीस ती सरळ स्वयंपाकघरात शिरून माईला 'तू बस, मी वाढते' म्हणालीस, ते मी पाहिलं. तुला बहुतेक आठवतच नव्हतं.

बाबांचं मात्र तुला कळलं नसेल. वऱ्हाड यायच्या आधी ते एकटेच चित्रापुढे उभे होते. मला विचारलं, हे शीड माझंच का? मी हो म्हटलं. मग म्हणाले, "पदर असाच येत व्हता तिच्या तोंडावर." आणि पाणी प्यायला गेले. अठरा वर्षांत आईविषयी त्यांनी मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य.

काल दापोलीहून फोटो आला, म्हणून खरं तर हे पत्र. मांडवात तो काढायच्या वेळी तू माझ्या आतेसासूबाईंशी एवढी तावातावाने भांडत होतीस की इकडे काय चाललंय ते तुझ्या कानावर आलं नसणार. त्या ओरडल्या ते तू ऐकलंसच, "विहीणबाई पोटुशी, तिला फोटोत कशाला बसवता?" माई लगेच उठायला लागली. सहावा महिना, खुर्चीच्या हाताला धरून उठत होती, आणि सगळ्या बायका हो हो, ऊठ ऊठ म्हणत होत्या. मी तिचा हात धरला. म्हटलं, माई, तू उठलीस तर मीही उठते, लग्नाचा फोटो नको मला. ती म्हणाली, सोड गो, कशाला तमाशा. मी म्हटलं, नाही सोडणार.

मग ती त्या चित्राकडे बघत राहिली. भीती होती तिला, मावशी. बघता बघता ती खाली बसली आणि मला ऐकू येईल एवढंच बोलली. "ती उठली म्हनून तुला आयशीचं तोंड ठावक नाय. माज्या लेकराला माजं तोंड दिसू दे. मी ऱ्हाते का जाते, कुनाला म्हाइत?" तोवर तू आतेसासूबाईंना गप्प करून आलीस आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिलीस. फोटोवाल्याने काळं कापड डोक्यावर घेतलं.

फोटो चांगला आला आहे. बाबा खांबासारखे, हे मला न ओळखल्यासारखे, मी रागावल्यासारखी, तू मासोळी काठात. आणि मधे माई, पोटावर दोन्ही हात ठेवून. फक्त तिचे डोळे मिटलेले आहेत. गच्च मिटलेले, लहान मूल औषध पिताना मिटतं तसे. एवढा गाव अंगावर घेऊन तिला बसवली आणि बाईसाहेबांनी डोळे मिटून घेतले! मी आधी हसले, मग रडले.

फोटोवाला स्वतः फोटो घेऊन आला होता. त्यालाही वाईट वाटत होतं. म्हणाला, बारीक कुंचल्याने रंगवून डोळे उघडे करून देतो, कुणाला कळणारही नाही.

मी नको म्हटलं. भ्यायली होती आणि तरी बसली. तिच्या बाळाला ते तसंच दिसू दे.

तुझी
शेवंती